टाकी दर उन्हाळ्यात रिकामी का पडते? जंगलातल्या चौकीच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी

तक्रार दर वर्षी तीच असते. दिवाळीपर्यंत टाकी भरून वाहते, शिवरात्रीला कुरकुर सुरू होते आणि होळी झाली की सकाळी तोट्या कोरड्या. मग टँकर येतो. मग कागद निघतो: सध्याची १०,००० लिटरची टाकी अपुरी पडते, २५,००० लिटरची नवी टाकी मंजूर व्हावी. काही ठिकाणी ती मंजूर होते, बांधली जाते, आणि पुढच्या होळीला तीही कोरडी.

मी पाण्याच्या फिटिंगची कामं करतो. जंगलातली चौकी म्हटलं की राष्ट्रीय उद्यान आठवतं, पण मराठवाड्यात ते एकही नाही. राज्यातली ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली ही सहाही आपल्या आठ जिल्ह्यांच्या बाहेर आहेत. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं: १९८६ चं गौताळा औट्रमघाट, १९९४ चं नायगाव मयूर, १९९७ चं येडशी रामलिंग घाट. उद्यान असो की अभयारण्य, चौकीवर राहणाऱ्या माणसाला पाणी लागतंच, आणि डोंगरमाथ्यावर ते पोचवायचं दुखणं सगळीकडे सारखं. पुढे लिहिलंय ते अशाच एका चौकीवरचं आहे. तिचं नाव देत नाही, कारण हीच अवस्था मी तीन-चार ठिकाणी पाहिली आहे.

तिथली व्यवस्था अशी. डोंगराच्या कपारीत एक झरा, कागदावर त्याला 'उद्भव' म्हणतात. त्याला दगडी हौद बांधलेला. तिथून काळा एचडीपीई पाईप साधारण सहाशे मीटर उताराने येतो आणि जमिनीवरच्या सिमेंटच्या टाकीत पडतो. टाकीतून खाली कर्मचाऱ्यांची घरं, पर्यटकांच्या तोट्या आणि पुढे जनावरांसाठी केलेला पाणवठा. मोटर नाही, लाईट नाही, सगळं आपोआप उतरतं. मी गेलो तेव्हा वनरक्षक ताईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "दादा, टाकीच मोठी पाहिजे, दुसरा इलाज नाही." शेजारी उभे असलेले वनमजूर मामा म्हणाले, "पानी येतंच नाही तर मोठ्या टाकीत काय भरायलेत?"

मामांचं म्हणणं धरून मी मोजायला बसलो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आधी मोजा, मग खणा

हत्यार एवढंच: वीस लिटरची बादली, घड्याळ असलेला मोबाईल, खडू आणि एक टेप.

पहिलं मोजमाप झऱ्यावर. हौदातून पाईपात जाणारं आणि काठावरून सांडणारं असं दोन्ही मिळून पाणी बादलीत घ्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे बादली भरायला नऊ मिनिटं लागली. म्हणजे दिवसाला साधारण ३,२०० लिटर. दुसरं मोजमाप टाकीच्या तोंडाशी. तिथे तीच बादली अठरा मिनिटांत भरली, म्हणजे १,६०० लिटर. झऱ्याने दिलेलं अर्धं पाणी टाकीपर्यंत आलंच नव्हतं.

आता गरज बघा. चौकीवर आठ माणसं राहतात. जलजीवन मिशनचं ग्रामीण मोजमाप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, म्हणजे ४४० लिटर. रविवारी दीडशे पर्यटक आले आणि प्रत्येकाने हातपाय धुण्यासकट चार लिटर वापरलं तरी ६०० लिटर. ऐन गर्दीच्या दिवशी झाले १,०४०. टाकीत १,६०० येत होतं. तरीही सकाळी तोट्या कोरड्या! म्हणजे टाकीत आलेलंही कुठेतरी जात होतं.

हा हिशेब मांडला तेव्हा ताई काही वेळ कागदाकडेच बघत राहिल्या. चार वर्षं टँकरची वाट पाहिलेली माणसं होती ती. एका टँकरवर आठवडा काढायचा, पर्यटकांना पाणी नाही म्हणून सांगायचं, आणि बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणीगणनेसाठी मचाणावर बसायला आलेल्या पोरांना घरच्या हंड्यातलं द्यायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पाण्याची मोजदाद का करायची हे समजावून सांगावं लागत नाही.

टाकी गळते की पाईप गळतो?

ही चाचणी दोन रात्रींची आहे आणि ती टाळू नका. टाकीचं आतलं माप घ्या. इथे लांबी अडीच मीटर, रुंदी दोन मीटर होती. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५० लिटर गेले. हा आकडा टाकीवरच लिहून ठेवा, रोज उपयोगी पडतो.

पहिल्या रात्री नऊ वाजता वरून येणारं पाणी बंद केलं, खालच्या सगळ्या तोट्या बंद केल्या, पण टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण केली. सकाळी सहा वाजता पाणी खुणेच्या सात सेंटिमीटर खाली. दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त बाहेरचा व्हॉल्व्हही बंद. सकाळी फरक एक सेंटिमीटर.

म्हणजे टाकीची स्वतःची गळती नऊ तासांत ५० लिटर. आणि टाकीच्या पुढच्या पाईपात, एकही तोटी उघडी नसताना, ३०० लिटर. दिवसाच्या हिशेबाने ८००. आठ माणसांच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट पाणी रोज मातीत मुरत होतं.

इथे एक सावधगिरी. जुना गेट व्हॉल्व्ह फिरवला म्हणजे बंद झालाच असं समजू नका. आपल्या बोअरच्या आणि डोंगरातल्या पाण्यात क्षार असतात, ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचतात आणि फट राहते. व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या खालची सगळ्यात सखल तोटी उघडा. पाईपातलं उरलेलं पाणी निघून गेल्यावरही थेंब-थेंब चालूच राहिलं तर व्हॉल्व्ह पास होतोय. तो बदलल्याशिवाय वरची चाचणी खरी मानू नका.

पाईपातली गळती शोधायला मला यंत्र लागलं नाही. एप्रिलमध्ये डोंगर पिवळा पडलेला असताना पाणवठ्याच्या वाटेवर दोन हात लांब हिरवं गवत होतं. त्याच्या कडेने रानडुकरांनी माती उकरलेली, चिखलात खुरांचे ठसे भरलेले. मामा म्हणाले, "इथं रोज रातच्याला येतात, मुळ्या खायला." मुळ्या होत्याच, पण त्यांना ओल सापडली होती. हाताने माती बाजूला केली तर जोडावरचा कपलर अर्धा निसटलेला. पाईप फक्त चार-पाच इंच खोल गाडलेला. डुकराने एकदा नाक लावलं की तेवढ्या खोलीवरचा जोड टिकत नाही. आम्ही तो तुकडा दोन फूट खाली नेला, जोड मुरमात न ठेवता दगडी चेंबरात घेतला आणि वर फरशी टाकली.

टाकीची ती ५० लिटरची गळती मात्र बांधकामाची होती. टाकी अर्धी खडकावर आणि अर्धी भरावावर बसवलेली. भराव दबला, खडक दबला नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर केसाएवढी भेग उभी गेली. खाली काळी माती असेल तर याहून वाईट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकी दर वर्षी हलते. अशी भेग नुसत्या सिमेंटच्या गिलाव्याने बुजत नाही. छिन्नीने तिचं तोंड रुंद करून मग भरावी लागते. आतून लावायचा लेप पिण्याच्या पाण्यासाठी चालणाराच घ्या, आणि डांबराला तर हातच लावू नका.

झरा देतो, टाकीत येत नाही: हवेचा अडथळा

आता झऱ्याकडचं अर्धं पाणी. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि 'दर वर्षी होळीलाच का' याचं उत्तरही इथेच सापडलं.

लक्षणं अशी होती. टाकीच्या तोंडाशी पाणी सलग पडत नव्हतं. थोडं पडायचं, गुडगुड व्हायची, फसकन हवा यायची, मग परत थोडं. त्याच वेळी वर झऱ्याचा हौद काठावरून सांडत होता. मामांना एक उपाय ठाऊक होता. मधल्या उंचवट्यावरचा जोड सैल करायचा, हवा गेली की दोन दिवस धार नीट पडायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते दर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तिथे चढून जायचे.

पाईप उताराने येतो असं आपण म्हणतो, पण जमीन सरळ उतरत नाही. मध्ये एक टेकाड होतं आणि पाईप त्यावरून गेलेला. पाण्याबरोबर येणारी हवा अशा उंच जागी साठते. पावसाळ्यात पाईप भरून वाहतो, पाण्याला जोर असतो, ते हवेला पुढे ढकलून देतं. उन्हाळ्यात झरा बारीक होतो, पाणी पाईपाच्या तळाने सरपटतं आणि हवेचा फुगा तिथेच बसून राहतो. उरलेल्या निमुळत्या जागेतून जेवढं जाईल तेवढंच जातं. म्हणून झरा अर्ध्यावर आला की टाकीत पाव येतं, आणि सगळ्यांना वाटतं झराच आटला.

छत्रपती संभाजीनगरात ज्यांनी जुन्या नहरी पाहिल्या असतील त्यांना हे नवं वाटणार नाही. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, डोंगराकडून शहरात पाणी आणलं तेव्हा खापरी नळांच्या वाटेवर उंच मनोरे बांधले होते. पाणी त्यात चढायचं आणि अडकलेली हवा वरून निघून जायची. आपल्या काळ्या पाईपाला तीच गोष्ट लागते, फक्त छोट्या आकारात. तिला एअर व्हॉल्व्ह म्हणतात.

पण तो विकत आणून लगेच बसवू नका. आधी एक साधी परीक्षा घ्या. उंचवट्यावरचा जोड अर्धा फेरा सैल करा आणि फटीसमोर पातळ प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी धरा. पट्टी बाहेर उडाली तर आत दाब आहे, तिथे एअर व्हॉल्व्ह चालतो. पट्टी फटीकडे ओढली गेली तर उंचवटा फारच वर आहे, पाईप तिथे पाणी ओढून नेतोय. अशा जागी व्हॉल्व्ह बसवलात तर तो हवा सोडण्याऐवजी आत घेईल आणि होतं तेही पाणी बंद पडेल. तिथे चर खोदून पाईप खाली घेणं किंवा टेकाडाला वळसा घालणं एवढेच मार्ग राहतात. आमच्याकडे पट्टी बाहेर उडाली. व्हॉल्व्ह बसवला आणि वानरांनी खेळून तोडू नये म्हणून भोवती दगड रचून वर जाळी टाकली.

हवा येते कुठून, हेही बघायला हवं. झऱ्याच्या हौदात पाईपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला लागून होतं. पातळी जरा उतरली की भोवरा व्हायचा आणि पाण्याबरोबर हवा आत शिरायची. तोंड वीतभर खाली नेलं, त्याला जाळी लावली. पाला अडकून जाळी बुजते, ती आठवड्याला हाताने साफ करावी लागते. त्याला पर्याय नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाशी बादली नऊ मिनिटांत भरली.

तिथे मला एक चूक वेळेत दिसली. हौद सांडत होता ते पाणी खाली एका खड्ड्यात साचत होतं, आणि खड्ड्याभोवती मोरांची पावलं, नीलगायीच्या लेंड्या. आपल्या हिशेबात वाया जाणारं पाणी त्यांचं पिण्याचं होतं. सगळं पाईपात घातलं असतं तर ऐन एप्रिलमध्ये ती जागा कोरडी पडली असती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २९ व्या कलमात अभयारण्यातलं पाणी वळवण्यावर वा अडवण्यावर बंधन आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय ते करता येत नाही. कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. हौदाच्या भिंतीत पाईपाच्या तोंडापेक्षा खाली एक बारीक भोक ठेवलं, म्हणजे झरा कितीही बारीक झाला तरी पहिला वाटा खड्ड्याला जातो. साधारण तिसरा हिस्सा. उरलेल्या २,१०० लिटरमध्ये चौकीचं भागतं.

पाणी आलं, पण पिता येईना

गळती थांबली, हवा गेली, टाकी भरली. मग ताईंनी पाण्याची एचटूएस बाटली भरून ठेवली. ही छोटी बाटली असते, पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून, टाकी धुऊन परत पाहिलं, परत काळी.

घाण कुठून येते हे समजायला परत त्या पाईपाकडे जावं लागलं. पाईपात पाणी भरलेलं असताना फुटक्या जोडातून ते बाहेर जातं. टाकी रिकामी झाली आणि खालच्या उतारावर कोणी तोटी उघडली की पाईपात पोकळी तयार होते, आणि तोच जोड बाहेरचा चिखल आत ओढतो. रानडुकरांनी लोळलेला चिखल. म्हणजे चार वर्षं जिथून पाणी जात होतं तिथूनच आजार येत होता. गळतीकडे नुसतं वाया जाणारं पाणी म्हणून बघू नका.

तो जोड आता दुरुस्त होता, तरी बाटली काळी. मग पाणवठा पाहिला. जनावरांच्या हौदात पाणी सोडायची नळी तळापर्यंत बुडालेली. लाईन रिकामी होताना हौदातलं पाणी नळीवाटे उलटं वर जात होतं आणि वाटेतल्या पर्यटकांच्या तोट्यांत येत होतं. नळी कापली, तिचं तोंड हौदाच्या काठापेक्षा वीतभर वर ठेवलं, म्हणजे पाणी हवेतून खाली पडेल आणि परत चढणार नाही. त्यानंतर लाईन धुतली. तिसरी बाटली स्वच्छ निघाली.

टाकी आणि लाईन निर्जंतुक करायचं माप लक्षात ठेवा. २५ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर ४ ग्रॅम घेतली तर १,००० लिटरमध्ये लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं. रोजच्यासाठी एवढं पुरतं. पावडर थेट टाकीत टाकू नका, बादलीत कालवून निवळी घ्या, चुना खाली राहू द्या. अर्ध्या तासाने शेवटच्या तोटीवर ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून कळतं; फिकट पिवळा रंग आला पाहिजे. पिशवी उघडी पडलेली, ओल धरलेली पावडर कितीही टाका, तिच्यात दम उरलेला नसतो. मोठ्या धुण्याला लिटरमागे ५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ५,००० लिटरला एक किलो पावडर, आणि ते २४ तास भरून ठेवायचं. ते पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत ओढ्यात किंवा पाणवठ्यात सोडू नका. आम्ही ते उथळ खड्ड्यात उन्हात ठेवलं, भोवती काटेरी फांद्या रचल्या आणि वास पूर्ण गेल्यावरच मोकळ्या मुरमात मुरू दिलं.

मग टाकीचं काय केलं

मोठी बांधली नाही. आडदिवशी चौकीचा वापर ५०० लिटरच्या आत असतो. २५,००० लिटरच्या टाकीत तेच पाणी पन्नास दिवस पडून राहिलं असतं, आणि मराठवाड्याच्या उन्हात क्लोरीन त्याच्या कितीतरी आधी उडून जातं. जुन्या टाकीत मधोमध भिंत घालून ५,००० चे दोन कप्पे केले, दोन्हींना वेगळे व्हॉल्व्ह दिले. एक धुताना दुसरा चालू राहतो. आधी धुवायची म्हणजे दोन दिवस पाणी बंद, म्हणून कोणी धुवतच नव्हतं.

बाहेर जाणारा पाईप तळापासून चार बोटं वर घेतला, म्हणजे गाळ तोट्यांत येत नाही. तळाला उतार देऊन कोपऱ्यात वॉशआउट, म्हणजे गाळ धुऊन काढायचं तोंड, बसवला. पाणी एका टोकाला पडतं, दुसऱ्या टोकाने निघतं. झाकण लोखंडी आणि कुलपाचं. आधीचं प्लास्टिकचं झाकण वानरं उचलून फेकायची, आणि टाकी धुताना तळाशी एका पालीचा सांगाडा मिळाला होता. हवेच्या नळीचं तोंड खाली वाकवून डासांची जाळी बांधली. शेवाळाचा प्रश्न यातच सुटला, कारण उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही. आपल्या लेण्यांतली खडकात खोदलेली टाकी, शिलालेखांत ज्यांना 'पोढी' म्हटलंय, तीही लहान तोंडाची आणि आतून अंधारी असतात.

टाकी पूर्ण भरली की जास्तीचं पाणी आता वेगळ्या पाईपाने पाणवठ्यात पडतं.

टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर ताईंनी रंगाने एक तक्ता काढला आहे. तारीख, झऱ्यावर (खड्ड्याचा वाटा सोडून) बादलीला लागलेली मिनिटं, टाकीवर लागलेली मिनिटं. दर सोमवारी मामा भरतात. दोन आकड्यांत फरक पडला की लाईनमध्ये काहीतरी झालंय, दोन्ही सारखे वाढले की झरा उतरतोय. या वर्षी होळीला दोन्ही सात होते.

एक काम बाकी आहे. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी झऱ्याच्या हौदात शिरतं आणि गढूळ पाण्यात टीसीएल काम करत नाही. हौदाच्या वरच्या अंगाला चर खणून ते बाजूला काढायचं आहे, जून लागायच्या आत.